निळी झाक

भाऊजी गेल्याचा अक्काचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कसे?" हाच. "चहा पिता पिता... खुर्चीतच," अक्का म्हणाली. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला होता. बहिणीचा आधार गेल्याच्या त्या घटकेला मला हायसं वाटलं. दीडेक महिना होत आला, पण ते हायसं वाटणं काही मनातून जात नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, विलासराव. मूळचे देवगाव रंगारीचे. लोखंडी सुटे भाग गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर निळा-काळा थर चढवतात. वाळूजच्या एका कारखान्यातल्या त्या खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. पुढं ते खातंच बंद झालं आणि भाऊजी घरी बसले. बोलणं आटलं. शिफ्टची बस गल्लीच्या तोंडाशी आली की गॅलरीत जाऊन उभे राहायचे, बस गेली की आत यायचे. जेवायला हाक मारली तर "व्हय" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. अशात एके दिवशी त्यांनी कपाटातून वडिलांचं रिव्हॉल्व्हर काढलं. शेताच्या राखणीसाठी आबांनी घेतलेलं, त्यांच्यामागं परवाना भाऊजींच्या नावावर झालेला. नळीवर गंजाचे तांबूस ठिपके पडले होते, मुठीजवळची निळी झाक पार उडाली होती. "ह्याला पुन्हा निळं करतो," एवढंच ते म्हणाले. अक्कानं मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघराचं दार लोटून म्हणाली, "काडतुसं मी लपवलीत. तू त्यांच्यासंगं जात जा गं सुनंदा... मला लई भ्या वाटतंय."

असलं काम घरी करता येत नाही. छावणीत परवाना असलेल्या एका बंदूकवाल्या चाचांचं दुकान आहे, तिथं ते जायचे आणि काहीबाही निमित्त काढून मीही जायची. भाऊजींचा हात बघून चाचांनी त्यांना शेजारी बसून घासायला दिलं. जुनी झाक काढायची, बारीक पॉलिश पेपर एकाच दिशेनं ओढत राहायचं... भाऊजी त्यात इतके गढून जायचे, की चाचा ओरडायचे, "साहब, जास्ती मत घिसो! हथियार का नंबर मिट गया तो दोनों अंदर जाएंगे." एकदा त्यावर भाऊजी खळखळून हसले. कित्येक महिन्यांनी हसले. माणूस हसतोय याचा आनंद मानावा, की हत्यार हातात घेऊन हसतोय याची धास्ती घ्यावी, मला कळेना. शेवटच्या दिवशी चाचांनी सुटे भाग उकळत्या क्षाराच्या पाण्यात सोडले. थोड्या वेळानं नळी वर आली ती पिकल्या जांभळासारखी. भाऊजी कितीतरी वेळ बघत राहिले. माझ्या मनात मात्र एकच होतं. आता हे घरी जाणार.

घरी आल्यावर भाऊजींनी ते टेबलावर ठेवलं आणि अक्काला म्हणाले, "तांदळाच्या डब्यातली काडतुसं काढ. उद्या पोलीस ठाण्यात सगळंच जमा करायचंय. परवाना पण परत देतो."

अक्का जागीच थिजली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं. बरं केलंस तू."

"मग एवढं चकचकीत कशाला केलं?" मी विचारलं.

"आबांची चीज हाय. गंजलेली देऊ का?" मग ते खाली बघत, अक्काशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कुठं ठेवलीत ते ठाऊक असून डब्याला हात लावायचा नाय... रोज तेवढंच एक काम होतं मला."

भाऊजींनी डबा स्वतःहून तिच्यापुढं आणून ठेवला. तिनं तांदळात हात घातला, तेव्हा डबा त्यांनी धरून ठेवला होता. आम्ही तिघांनीही तो विषय पुन्हा कधी काढला नाही. बरे झाले का ते? माणसांत आले, गावाकडं जाऊ लागले, नातवाच्या बारशाला स्वतः पंगत वाढली. तरी मधूनच त्यांची नजर कुठं तरी लागायची आणि अक्का हातातलं काम टाकून त्यांच्यापाशी जाऊन बसायची. म्हणूनच त्या सकाळी माझ्या तोंडून आधी "कसे?" निघालं.

परवा अक्काकडं गेले होते. रिव्हॉल्व्हर जमा केल्यापासून दर रविवारी तेलाचा बोळा घेऊन घरभर फिरायची सवय भाऊजींना लागली होती... बिजागऱ्या, कड्या, कुलपं, शिलाई मशीन. त्यांच्या घरात अजूनही कुठलं दार वाजत नाही. मी म्हटलं, "अक्का, तेलाची कुपी कुठंय? मी देते एकदा हात फिरवून."

"नको," ती म्हणाली. "त्यांनी दिलेलं तेल अजून हाय तिथं. वाजायला लागलं की... मग बघू."

आणि तिनं खोलीचं दार उगाचच एकदा उघडून, लावून पाहिलं.