प्रभू, कुणाला तरी पाठव!

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे किस्से एकेकटे येतच नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर मागून चार दारात उभे! निजामाच्या राज्यातलं आष्टीकडचं आमचं खेडं, तिथलं छोटं प्रार्थनामंदिर, आणि मी मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर. शेजाऱ्यावर प्रीती करण्यात आमचा हात कुणी धरला नसता. फक्त शेजारी जरा लांबचा असावा लागे.

*

एका वर्षी ओढ्यापलीकडच्या वस्तीत हैजा, म्हणजे कॉलरा, आला. पाळकसाहेबांनी जल्दी सभा बोलावली आणि तासभर प्रार्थना केली. "प्रभू, त्यांच्याकडे कुणाला तरी पाठव!"

आम्ही सगळे दणक्यात "आमेन" म्हणालो आणि घरी जेवायला गेलो.

*

आमचे पंच योहानराव मात्र गेले. म्हणजे ओढ्यापर्यंत. अलीकडच्या काठावर उभं राहून त्यांनी वाटेत पडलेल्या परक्याला उचलून नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा बायबलातला दाखला खड्या आवाजात वाचला आणि परत आले.

"पलीकडं गेलातच न्हाई का?" मी विचारलं.

"कशाला? आवाज बराबर पोचला!"

*

आता माझी शेखी ऐका. मी औषधाच्या बाटल्या पाठवल्या, प्रत्येकीवर सुवाच्य चिठ्ठी: 'पाणी उकळून प्यावे.' बाटल्या नेल्या शेवंताबाईंनी. या आमच्या बायबलबाई, घरोघरी शास्त्र सांगत फिरणाऱ्या. ओढा ओलांडून रोज जाणाऱ्या त्या एकट्याच.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या. "कंपाउंडरसाहेब, तिथं कुणालाच वाचता येत न्हाई, अन् सरपण बी न्हाई. मंग चिठ्ठ्या जाळूनच पाणी उकळू का?"

मला फार लाज वाटली. लाकडाच्या दोन मोळ्या पाठवल्या. पाठवल्याच, नेल्या नाहीत.

*

हैजा ओसरला. वस्तीतली काशी नावाची लेकुरवाळी त्यातून वाचली खरी, पण अंगात त्राण नव्हतं आणि घरात दाणा नव्हता. नेमका आमचा सुगीच्या उपकारस्तुतीचा रविवार आला. वेदीपुढे ज्वारी, वांगी आणि योहानरावांची कोंबडी. शेवंताबाईंनी काशीसाठी त्यातलं काही मागितलं.

"देवाला वाहिलंय, बाई. हात लावायचा नाही," पाळकसाहेब म्हणाले. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगून त्यांनी लांबलचक प्रार्थना सुरू केली.

आमेन म्हणून डोळे उघडले, तर वेदीपुढे काहीच नाही! शेवंताबाईही नाहीत. कोंबडीसुद्धा ओरडली नव्हती.

उपासना उरकून योहानरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा ओढा पार केला. पाळकसाहेब आणि मी मागोमाग. काशीच्या झोपडीत कण्या शिजल्या होत्या, पोरं रस्सा ओरपत होती.

"बाई, ते देवाचं होतं!" पाळकसाहेब कडाडले.

शेवंताबाईंनी काशीच्या ताटात आणखी एक पळी वाढली.

"हाव साहेब. त्यालाच वाढून राह्यले. भरल्या ताटावरून उठवू का?"