सतरा नंबरची विहीर

दुपारचे साडेतीन. ऑफिसात मी एकटीच. लॅपटॉपवर पुन्हा तेच, ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ आईचं नाव झालं, लेकीची जन्मतारीख झाली, जुन्या स्कूटरचा नंबर झाला. उद्या सकाळी ग्रामसभा. नव्या कारखान्याला बोअर मारू द्यायचे की नाही, ते ठरणार. गावच्या चाळीस विहिरींच्या पाण्याची अकरा वर्षांची मोजमापं या एका फाइलीत आहेत. वह्या वाळवीनं खाल्ल्या. आकडे कुणी बदलू नयेत म्हणून कुलूप घातलं ते मीच. डोळे चुरचुरतायत. डोकं टेबलावर टेकवते, मिनिटभरच.

पंख्याचा आवाज लांब जातो. समोरच्या खुर्चीत मुलाणीमामा बसलेत. टेप घेऊन त्या विहिरींत उतरायचे ते हेच. त्यांना जाऊन आठ महिने झालेत, हे मला माहीत आहे. तरी चहा सांगावा का, एवढंच मनात येतं.

“फाइल उघडंना व्हय, ताई?”

“तुम्ही गेल्यापासून उघडलीच नव्हती, मामा. धीरच झाला नाही.”

ते उठून कपाटाचं दार उघडतात. आत दगडी पायऱ्या खाली जातायत. मी मागोमाग उतरते. वळून बघते तर दार नाही. नुसती भिंत.

“ही कुठली हीर?” मामा विचारतात.

“सतरा नंबर.”

“नंबर कागदाला. हिरीला नाव असतंय.”

मला आठवत नाही. “पाटलाची?” म्हणते. पाणी एक पायरी चढतं. “जोडविहीर?” आणखी एक. पाणी गार, कमरेपर्यंत.

“मामा, सांगा ना!”

“कुलूप घातलंस त्या दिशी शेजारी बसून सांगितलं की. आता मला बोलाय येत नाही ते.”

पाणी छातीला लागतं. भिंतीतून उंबर उगवलाय, त्याची फांदी धरते. ती हातात तुटून येते. मामा पाण्यात उभे आहेत, पण त्यांचा सदरा कोरडा आहे.

“पहिल्यांदा आलो तवा काय झालं हुतं?”

“आजूबाजूच्या सगळ्या भरल्या होत्या,” मी धापा टाकत म्हणते. “ही एकटीच कोरडी. आपण काठावर बसून हसत होतो. तुम्ही म्हणालात, ही रुसलीय...”

“मग?”

पाणी हनुवटीला टेकतं.

“रुसकी!” मी ओरडते.

खिडकीतून ऊन थेट तोंडावर येतंय. डोकं टेबलावरून उचलते. मी इंग्रजी अक्षरांत रुसकी लिहिते, पुढे सतरा. फाइल उघडते. चाळीस ओळी, अकरा वर्षं. शेवटचे आठ महिने रिकामे. त्यांच्याकडे मी बराच वेळ बघत राहते आणि मग छापायला देते.

बोटं बटणांना चिकटतायत. तळवा उलटा करून बघते. उंबराचा पांढरा चीक आहे, अजून ओला.