'रहस्य'च्या कपाटात

काल पाकिटाला डिंक लावला आणि त्या वासाबरोबर मी थेट किकवीच्या जुन्या वाचनालयात पोचलो. माझी पहिली कादंबरी तिथे 'ग्रामीण'च्या कपाटात दोन वर्षं कोरी पडून होती. पुण्यात तिला मातीचा सुगंध वगैरे आला होता. किकवीकरांना मातीचं नावीन्य नव्हतं. कुणी न नेलेली पुस्तकं त्या आठवड्यात माळ्यावर जाणार होती.

ग्रंथपाल सलमाताईंनी माझ्यादेखत 'ग्रामीण'ची चिठ्ठी नखाने खरवडली आणि डिंकाने 'रहस्य'ची चिकटवली.

"अहो ताई, यात खून नाही."

"ते तुमाला म्हाईत. वाचनाऱ्याला कुठं म्हाईत?"

मला लाज वाटली, पण माळ्यापेक्षा ती बरी होती.

पंधरा दिवसांनी रसवंतीवाल्या हौसाकाकूंनी पुस्तक टेबलावर आपटलं. पानांवर उसाच्या रसाचे डाग होते.

"दोगं भाऊ हिरीवर बसले का माज्या पोटात गोळा! म्हनलं, आता ढकलतोय. आन् शेवटाला नुसती भाकर खात्यात व्हय वो?"

"चुकलंच माझं, काकू."

"चुकलं कसलं? अशी धडधड खुनाच्या पुस्तकात बी न्हाई झाली. तुमचं दुसरं कुठंय?"

समीक्षकांनी 'संथ' म्हटलेलं प्रकरण तेच. त्यात मी एक अक्षरही बदललं नव्हतं.

पुढे सत्काराच्या शाली बऱ्याच मिळाल्या. त्या माळ्यावर आहेत. कादंबरी मात्र अजून 'रहस्य'च्या कपाटात असते, आणि तिथे ती सहसा सापडत नाही.