बेली ब्रेगवरची मादी

झिवानच्या घरात राकियाच्या, म्हणजे प्लमच्या दारूच्या, दोन तऱ्हा असत. एकदा गाळलेली पाहुण्यांसाठी आणि दोनदा गाळलेली आठ पायांच्या कोळ्यांसाठी. पातळ दारूत कोळी सडतो, कडक दारूत वर्षानुवर्षं शाबूत राहतो, हे आमच्या गावात म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक झालं होतं. शेजारच्या ओब्रादनं एकदा चुकून दुसऱ्या बाटलीतला पेला भरला आणि अर्धा संपल्यावर म्हणाला, "मायस्तोर, यंदा प्लम झकास आहेत. साली तेवढ्या केसाळ आहेत." झिवाननं आधी पेल्यात डोकावून कोणता कोळी गेला ते पाहिलं. माणसाची विचारपूस नंतर.

झिवान आमचा न्हावी. हाताचं काम जाणणाऱ्या कुणालाही आमच्याकडे मायस्तोर म्हणतात, म्हणून तोही मायस्तोर. सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी बाकीचे पुरुष डॅन्यूबवर गळ टाकायला जात आणि हा गावामागच्या बेली ब्रेगवर जाऊन पालथा पडे. बेली ब्रेग म्हणजे नुसतं पांढऱ्या वाळूचं टेकाड. खरबरीत गवताचे झुपके, चारदोन बाभळी, आणि वारा सुटला की दातांत करकर. तिथं माणसानं जाऊन करायचं काय, असं गावाला वाटे. झिवानला मात्र तिथं तरुणपणी एकानं अडवलं होतं. मसुरीच्या दाण्याएवढा, वाळूच्याच रंगाचा एक कोळी त्याच्या बुटावर उडी मारून बसला आणि चक्क मान वर करून त्याच्याकडे बघू लागला. बाकीचे कोळी जाळ्यात टांगून घेतात, त्यांना तुम्ही आम्ही सारखेच. हा उडी मारणारा. पुढचे दोन डोळे मोठे, काळेभोर, आणि त्या डोळ्यांना तुम्ही दिसता. झिवान कोसानाला म्हणायचा, "अगं, लग्नाआधी तूसुद्धा माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतंस." कोसाना म्हणायची, "पाहिलं असतं तर लग्न झालं असतं का?"

तेव्हापासून त्याला जे लागलं ते लागलं. बेलग्रेडच्या संग्रहालयात ल्युबिंका नावाच्या प्राध्यापक बाई होत्या, त्यांच्याकडे तो राकियात बुडवलेले कोळी नळ्यांत भरून पाठवी, त्या नावं सांगत. कोळ्यांत सगळ्यांत मोठं घराणं या उडीवाल्यांचंच. त्याच्या एकेका शाखेचा संसार कुठून कुठवर पसरलाय ते बाईंनी त्याला नकाशावर दाखवलं होतं. वाळूत राहणारी एक शाखा पार गोबीच्या वाळवंटापासून निघते, गवताळ मैदानांतून पश्चिमेकडे येते आणि आमच्याकडे येऊन संपत जाते. मधे मधे वाळूचे तुकडे, प्रत्येक तुकडा समुद्रातल्या बेटासारखा. या वाळूतला कोळी त्या वाळूत चालत जात नाही. त्यामुळे कधी कधी एखाद्या तुकड्यावर असा कोळी सापडतो, जो जगात दुसरीकडे कुठंच नसतो.

बेली ब्रेगवर झिवानला असे दोन नर मिळाले होते. कपाळावर गंजासारखा पट्टा, पुढच्या पायांना काळी झालर. बाईंनी ते भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "झिवान, हा वेगळा असावा. पण असावा म्हणून जात होत नाही. काळ्या समुद्रापलीकडे याचा एक भाऊबंद आहे, त्याचा नर जवळजवळ असाच. या कोळ्यांचं कसं असतं, नराकडे किल्ली आणि मादीकडे कुलूप. किल्ल्या दोघांच्या सारख्या दिसतात. कुलूप दाखवा, मग बोलू."

पण मादी मिळेना. नर वसंतात बायको शोधत उघड्यावर हिंडतात, म्हणून दिसतात. मादी वाळूत बीळ करून बसते, हलत नाही, आणि अंगाचा रंग असा की नाकाशी असली तरी वाळूच दिसावी. झिवान शोधत राहिला. घाई नव्हती. टेकाड कुठं पळून जातंय?

पळून गेलं नाही, पण न्यायला माणसं आली. नवा महामार्ग होणार होता आणि त्याच्या भरावाला वाळू हवी होती. एका कंपनीला बेली ब्रेग खणायची परवानगी मिळाली. पायथ्याशी लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. दुकानात त्याच गप्पा. कुणी म्हणे रस्ता झाला की गावाचं भलं होईल, कुणी म्हणे वाळूच तर आहे. झिवान कात्री चालवत ऐकत होता आणि एकाचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा वर गेला ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानं बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "एकच वाट आहे. जगात दुसरीकडे नसलेला प्राणी तिथं राहतो असं सिद्ध झालं तर खणणं थांबवावं लागतं. कायद्यात तसं आहे. पण दोन नरांवर मी सही करू शकत नाही. उद्या कुणी म्हणालं हा पलीकडचाच, तर माझ्याकडे उत्तर नाही."

"म्हणजे मादी."

"मादी. आणि पूर्ण वाढलेली. पिल्लांना कुलूप नसतं."

त्या उन्हाळ्यात झिवाननं सोमवार पाळणं सोडलं. दुकानाला वाटेल तेव्हा कुलूप. लोक केस वाढवून फिरू लागले, पाद्रीसुद्धा. चिका, म्हणजे काका, अशी हाक मारत ओब्राद ओरडायचा, "चिका झिवान, गावाचं मेंढ्यांचं खिल्लार झालं, लोकर तरी कातर!" झिवान मान हलवायचा आणि पालथा पडायचा. कोसाना भाकरी, कांदा आणि चीज फडक्यात बांधून टेकाडावर आणून द्यायची. देताना बोलायची, "या वयात माणसं बायकोच्या नावानं रडतात. माझा नवरा कोळिणीच्या नावानं रडतो." पण मग तीही शेजारी गुडघे टेकून गवताची मुळं बाजूला करायची. तिच्या बापाच्या शेळ्या याच टेकाडावर चरल्या होत्या. टेकाड जाणार याचं तिलाही वाईट वाटत होतं, नुसतं ती तसं म्हणत नव्हती.

मादी तिलाच दिसली. एका झुपक्याच्या मुळाशी वाळूला बारीकसा फुगवटा होता. कोसानानं काडीनं टोकरलं, तर आत रेशमाची पिशवी, पिशवीत अंडी, आणि अंड्यांवर पंजे रोवून ती. पळाली नाही. काळे डोळे वर करून दोघांकडे बघत राहिली.

झिवाननं हात सदऱ्याला पुसून कोरडा केला. आयुष्यभर गळ्यांवर वस्तरा चालवलेला हात. त्यानं खिशातून नळी काढली, दोनदा गाळलेल्या राकियाची.

"थांब," कोसाना म्हणाली. "मारायलाच हवं का?"

"पोटाखालची खूण बघायची तर सूक्ष्मदर्शकाखाली उलटी ठेवावी लागते. जिवंत कोण ठेवून घेईल उलटं?"

"फोटो काढ."

"फोटोत कुलूप दिसत नाही गं."

"अरे, अंड्यांवर बसली आहे ती."

झिवाननं नळीचं बूच काढलं. मग म्हणाला, "एक दिसली म्हणजे दहा आहेत. नेहमी असंच असतं." सगळे गोळा करणारे असंच म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. "ही नेली तर टेकाड वाचेल. टेकाड वाचलं तर बाकीच्या वाचतील. नाही नेली तर यंत्र येईल आणि हिच्यासकट सगळं जाईल. तूच सांग काय करू."

कोसाना हातातली काडी टाकून उठली. काय सांगणार? इकडे आड तिकडे विहीर. झिवाननं मादी नळीत घेतली. ती दारूत दोनचार वेळा पाय मारून थांबली. अंड्यांची पिशवी त्यानं होती तिथं ठेवली, वर वाळू सारखी केली.

नंतर मात्र सगळं त्याच्या मनासारखं होत गेलं, हीच तर रड आहे. बाईंचा फोन आला तेव्हा तो ओब्रादच्या गालाला फेस लावत होता. "कुलूप वेगळं आहे," बाई म्हणाल्या. "साफ वेगळं. झिवान, हा कोळी जगात फक्त तुमच्या टेकाडावर आहे." झिवान अर्ध्या दाढीच्या ओब्रादला मिठी मारून रडला. कोसानानं पाहुण्यांची बाटली काढली आणि पिठाच्या पातळ थरांचं, चीजचं गिबानित्सा भाजलं, सगळ्या गल्लीला पुरेल एवढं. बाईंनी जात जाहीर केली, नाव टेकाडाचं दिलं. अर्ज गेला. पाहणी होऊन निकाल लागावा म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंत खणू नये असा हुकूम आला. गावातून चालताना झिवान जरा ताठ चालू लागला होता, आणि चालू दे की, एवढं तरी माणसाला मिळावं.

पाहणीला सरकारी माणसं आली ती ऑक्टोबर सरता सरता. आदल्या आठवड्यात पाऊस, थंडी, वाऱ्यानं टेकाडाचं कातडं सोललेलं. प्रमुख होते मिलोराद नावाचे साहेब. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं तरी झालं असतं. ल्युबिंका बाईही आल्या होत्या. सगळ्यांनी झुपका न् झुपका पाहिला, वाळू चाळली, हात गारठले. एक कोळी मिळाला नाही.

"थंडीत ते खाली पिशवी विणून स्वतःला कोंडून घेतात," बाई म्हणाल्या. "आता दिसणारच नाहीत. मे महिन्यात या."

"मे महिन्यात यायला मला आवडलं असतं," साहेब म्हणाले. "पण हुकमाची मुदत महिनाअखेर संपते आणि ती वाढवायची तर मला तसं कारण दाखवावं लागतं." मग झिवानकडे वळले. "मायस्तोर, या जातीचे इथे एकूण किती पाहिलेत तुम्ही?"

"दोन नर. एक मादी."

"नर कधी?"

"बरीच वर्षं झाली."

"आणि मादी?"

"यंदा, उन्हाळ्यात."

"ती कुठे आहे?"

झिवाननं बाईंकडे पाहिलं. बाई वाळूकडे बघत होत्या.

"संग्रहालयात. नळीत."

"म्हणजे इथे शेवटची दिसलेली मादी तुम्ही नेलीत."

"तिच्याशिवाय सिद्ध झालं नसतं, साहेब. तुम्हालाच पुरावा हवा होता."

"पुरावा उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहराही पडला होता. "पण कायदा राहत्या प्राण्याला संरक्षण देतो, राहत होता त्याला नाही. इथे आज एक तरी आहे असं मी कशाच्या जोरावर लिहू?"

"अंडी होती," झिवान म्हणाला. "मी ठेवली होती. या झुपक्याखाली." तो गुडघ्यावर बसला. झुपका सापडला, पिशवीही सापडली. फाटलेली, रिकामी, आत वाळू भरलेली. पिल्लं बाहेर पडली होती की मुंग्यांनी नेली होती, हे ना त्याला सांगता आलं ना बाईंना.

"अंड्यांजवळ ती असती तर कळलं असतं," झिवान म्हणाला. कुणाला म्हणाला कुणास ठाऊक. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला. कोसाना खाली रस्त्यावर थर्मासमध्ये कॉफी घेऊन उभी होती. तिनं सगळ्यांना ओतून दिली, साहेबांनाही.

निकाल नोव्हेंबरच्या सुरुवातीला आला. त्यात लिहिलं होतं की ही जात शास्त्राला नवी व मोलाची आहे, तिचे नमुने संग्रहालयात सुरक्षित असून खोदकामाला हरकत दिसत नाही. झिवाननं ते दुकानात उभ्या उभ्या वाचलं. ओब्रादला हसवायचं होतं, म्हणून तो म्हणाला, "चिका, निदान ती तरी कडक दारूत आहे. आम्हाला मेल्यावर मातीच." पण कुणी हसलं नाही आणि ओब्रादलाही बोलल्याचा पस्तावा झाला.

मग यंत्रं आली. बेली ब्रेगला खालच्या अंगानं खात खात ती वर गेली. खरं सांगायचं तर आवाजसुद्धा फार नव्हता. वाळूच ती, दगडासारखी ओरडत नाही. ल्युबिंका बाईंनी दोन पत्रं लिहिली वर, ती कुठं गेली देव जाणे. कोसानाला झिवाननं एकदा विचारलं, "नसती नेली तर?" ती म्हणाली, "नसती नेली तर आज ती यंत्राखाली असती." जरा वेळानं म्हणाली, "मला विचारू नकोस रे." आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही.

टेकाडाची वाळू नेणारे ट्रकवाले दुकानात येऊ लागले. बाहेरगावची पोरं, दमलेली, चेष्टेखोर. केस कापायला बसली की कॉलरमधून, कानामागून, भुवयांतून पांढरी वाळू गळे. झिवान त्यांच्या मानेवरून मऊ ब्रश फिरवी, अंगावरची चादर चारी कोपरे धरून अलगद उचली आणि खिडकीत उजेडाला नेऊन त्यातली वाळू बोटानं पसरून बघे. दर गिऱ्हाइकाला.

"काय शोधताय मायस्तोर?" एका पोरानं विचारलं. "उवा सापडल्या की काय माझ्या?"

"नाही," झिवान म्हणाला. "मान खाली कर, अजून मागे आहे थोडी."