किल्लीची खरखर

माझा नवरा इकडे उत्तरेत, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत केसाची जाडी मोजणारी उपकरणं बनवतो. पण पिऊन आला की त्याला घराच्या कुलपाचं भोक सापडायचं नाही. किल्ली दारावर खरखरत राहायची. ती ऐकली की आमची दहा वर्षांची लेक पुस्तकं उचलून खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. मी गॅस बंद करायचे. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी विचारलं, तर "त्याचं डोकं दुखतंय" म्हणून सांगायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची! मुठीत काय होतं, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

त्याने दारू सोडली त्याला आता अकरा महिने झाले. उपचार घेतले. दर रविवारी तो दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जातो, मी त्यांच्या घरच्यांच्या. तिथे पहिले चार रविवार मी नुसती त्याची गाऱ्हाणी सांगितली. एक पंजाबी आजी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "वो तो ठीक हो रहा है, बेटा. तू कब होगी?"

असा राग आला! पीत होता तो, आणि बरं व्हायचं मी? घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. पण त्याने सोडल्यावरही रोज संध्याकाळी दारामागे श्वास रोखून मीच उभी असायचे. किल्ली एका दमात फिरली की श्वास सुटायचा.

परवा किल्ली खरखरली. एकदा, दोनदा. मागे लेकीच्या खोलीची कडी वाजली.

तो आत आला. हातमोजे विसरून धुक्यातून स्कूटर चालवत आलेला. माझा चेहरा बघून समजला.

"थंडीने बोटं वळत नव्हती गं."

माझा विश्वास बसला नाही. जवळ जाऊन मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. काही नव्हतं. मला लाज वाटली, आणि अजून हे करावं लागतं म्हणून त्याचा रागही आला.

त्याने लेकीच्या दारावर टकटक केली. "बाळा, मी पिऊन नाही आलो."

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "पापा, पहले फूँक मारो."

फटीशी तोंड नेऊन त्याने फुंकर मारली.

"फिर से."

त्याने पुन्हा मारली. कडी निघाली नाही, आणि तो तसाच वाकून उभा राहिला.