होडीवाल्याची जेवणाची वेळ

कॉम्प्युटर बंद करून निवांत डबा खाऊन तुम्हाला किती दिवस झाले?

हिंजवडीतल्या आमच्या टीमने एकदा कोकणात दिवसभरासाठी होडी भाड्याने घेतली होती. भर दुपारी लांबवर डॉल्फिन उसळले. आम्ही ओरडलो, "काका, पटकन तिकडे घ्या!"

उन्हाने रापलेल्या त्या होडीवाल्याने इंजिन बंद केलं, समुद्रात हात धुतले आणि भाकरीचं फडकं सोडलं.

"अहो, होडी दिवसभर आमची आहे," टीम लीडर चिडला.

"होडी तुमची. जेवणाची वेळ माझी," तो हसून म्हणाला आणि त्याने अर्धी भाकरी लीडरच्याच हातावर ठेवली.

इंजिनाचा आवाज थांबल्यावर डॉल्फिन आपणहून जवळ आले. आम्हीही आपापले डबे उघडले आणि जेवत जेवत बघत राहिलो.

उद्या दुपारी एक वाजता साहेबांनी हाक मारली, तरी आधी डबा उघडा. शेजारच्यालाही बोलवा.