मांगीलालने हात वर केला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर मी भलताच चांगला माणूस वाटतो.

मी इंदूरला बांधकामावर सेफ्टीचं काम बघतो. रोज सकाळी सगळ्या मजुरांना एकत्र उभं करायचं, हेल्मेट-पट्टे तपासायचे आणि विचारायचं, कुणाला काही त्रास? ज्याला बरं नसेल त्याने हात वर करायचा. त्या दिवशी त्याला उंचीवर चढवायचं नाही. मी लोकांना हसवायचो, म्हणून माझी ही सभा साइटवर लाडकी होती. आणि मला त्याचा केवढा तोरा!

मांगीलाल हातोदकडचा. परांची बांधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या आठवड्यात त्याची लहानगी दवाखान्यात होती. हा रात्रभर तिच्या उशाशी बसायचा आणि तसाच कामावर यायचा. मला माहीत होतं. टपरीवर चहा पिताना त्यानेच सांगितलं होतं, डोळे पुसत. मलाही गलबलून आलं होतं — खरंच आलं होतं.

आणि तरी?

त्या सकाळी त्याने हात वर केला. "साब, आज नीचे का काम दे दो. मन ठिकाने नी है."

दुसऱ्या दिवशी स्लॅब भरायचा होता. परांची त्याच्याशिवाय उभी राहिली नसती. पण तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मग मी हसलो. "क्या भिया, घरवाली की याद आ री है?" सगळे खो खो हसले. मांगीलालही हसला. हात खाली घेतला आणि वर चढला.

ती थट्टा तोंडातून निसटली नव्हती. त्याचा हात खाली यावा म्हणूनच मी ती केली — हेच मला सांगायचं होतं.

दुपारी तो पडला. इतरांचे पट्टे ओढून बघणारा माणूस स्वतःचा हूक अडकवायला विसरला होता. जीव वाचला, उजवा पाय अधू झाला. चौकशीत मला विचारलं, सकाळी तो काही बोलला होता का? मी म्हणालो, नाही. बाकीचे गप्प राहिले. आणि मांगीलाल? त्याने सांगितलं, गलती मेरी थी.

लेक बरी झाली, शाळेत जाते. मला दिसली की दोन्ही हात जोडून नमस्ते करते. मांगीलालला मी गेटवर राखणीला बसवलं, त्याचं माझ्या बायकोला कोण कौतुक.

काल नवे मजूर आले. मांगीलाल त्यांना समजावत होता. मी मागे उभा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. "कोई तकलीफ हो तो साब को बोल देना. डरना मत, भोत अच्छे आदमी हैं."

मग सभा भरली. मी विचारलं, कुणाला काही त्रास? जुने सगळे खाली बघत राहिले. त्यांच्याकडे बघून नवेही.